सेलबोर्नचा पक्षिमित्र

इंग्लंडच्या दक्षिण भागात हँपशर नावाचा परगणा आहे. लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर, या परगण्यात सेलबोर्न हे एक लहानसे खेडे वसलेले आहे. गावात एकच लांब, वाकडीतिकडी वाट. तिच्या दोन्ही बाजूंना गवती छपरांची घरे. एका टोकाला जुने चर्च. आणि पाठीशी खडूच्या दगडाची उंच टेकडी. टेकडीच्या उतारावर बीच वृक्षांचे दाट रान पसरले आहे. येथे कोणतीही मोठी लढाई झाली नाही, की कोणा राजाने राजधानी वसवली नाही. तरीदेखील पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या जगभरच्या माणसांना हे नाव परिचित आहे. अठराव्या शतकात येथे राहून गेलेल्या गिल्बर्ट व्हाइट या साध्या धर्मोपदेशकामुळे सेलबोर्नला ही कीर्ती लाभली.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १७२० साली याच गावी, आजोबांच्या घरी झाला. आजोबा सेलबोर्नच्या चर्चचे मुख्य धर्मोपदेशक होते. पुढे व्हाइट कुटुंब चर्चजवळच असलेल्या वेक्स नावाच्या घरात राहावयास आले. उच्च शिक्षणासाठी गिल्बर्ट ऑक्सफर्डच्या ओरियल महाविद्यालयात गेले आणि १७४३ साली पदवीधर झाले. महाविद्यालयाने त्यांना सन्मानाची अधिछात्रवृत्तीही दिली. विद्वान माणसांची संगत, मोठ्या शहरातील मान, चांगल्या उत्पन्नाची जागा हे सारे त्यांच्या आटोक्यात होते. परंतु त्यांचे मन जन्मगावीच रमले होते. सेलबोर्नच्या मुख्य धर्मोपदेशकाची नेमणूक ऑक्सफर्डच्या दुसऱ्याच एका महाविद्यालयाच्या हाती असल्यामुळे आजोबांचे पद त्यांना कधीच मिळणार नव्हते. हे ठाऊक असूनही त्यांनी आपल्या गावात साहाय्यक धर्मोपदेशकाचे काम आनंदाने पत्करले. त्यांनी लग्न केले नाही. घोडागाडीचा प्रवास त्यांना सोसत नसे. गाडीत बसले की त्यांना मळमळू लागे. त्यामुळे दूरदेशीच्या सफरी त्यांच्याकडून झाल्या नाहीत. जे पाहावयाचे, ते त्यांनी घराच्या आसपासच पाहिले.

१७५१ सालापासून त्यांनी आपल्या बागेची रोजनिशी ठेवण्यास सुरुवात केली. काकड्यांचे बी केव्हा पेरले, खरबुजांचे वेल केव्हा वाढले, पाऊस किती झाला, थंडी कधी पडली, अशा नोंदी ते तीत करीत. हळूहळू त्या नोंदींमध्ये पाखरेही येऊ लागली. या वर्षी पहिली भिंगरी कोणत्या दिवशी दिसली, कोकीळ कधी बोलला, घुबडाने घरटे कोठे केले, हे सारे ते टिपून ठेवू लागले. १७६८ पासून त्यांनी निसर्गनोंदींसाठी मुद्दाम छापलेली वही वापरावयास घेतली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे, तो नेम त्यांनी चालविला.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा मेलेल्या पक्ष्यांचा अभ्यास असे. बंदुकीने पक्षी मारावा, त्याच्या अंगाची मापे घ्यावीत, कातडे भरून ठेवावे आणि त्याला नाव द्यावे, अशी विद्वानांची रीत होती. व्हाइट यांनीही प्रसंगी पक्षी मारून तपासले. परंतु त्यांची खरी आवड निराळी होती. जिवंत पक्षी कसा वागतो, कसा गातो, पिलांना कसे भरवतो, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. त्यासाठी लागणारी चिकाटी त्यांच्यापाशी विपुल होती.

चर्चच्या वळचणीला गव्हाणी घुबडांची एक जोडी राहत असे. सूर्यास्ताला तासभर अवकाश असतानाच ही घुबडे उंदरांच्या शोधार्थ बाहेर पडत आणि शेतांच्या बांधांवरून व कुंपणांवरून मंद गतीने उडत फिरत. व्हाइट हातात घड्याळ घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवीत बसले. तेव्हा असे आढळले, की दर पाच मिनिटांच्या सुमारास दोघांपैकी एक घुबड उंदीर घेऊन घरट्याकडे परतते. आणखी एक बारीक गोष्टही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. घुबड उंदीर आणते ते पायांच्या नख्यांत धरून. परंतु वळचणीत शिरताना भिंतीला धरावयास पाय मोकळे हवेत. म्हणून ते आधी चर्चच्या छपरावर उतरते, उंदीर नख्यांतून चोचीत घेते आणि मगच आत शिरते. अशी घुबडे गावातील सर्वांच्याच डोक्यांवरून उडत होती. घड्याळ लावून त्यांच्या खेपा मोजणारा माणूस मात्र एकच निघाला.

व्हाइट यांच्या घराच्या भिंतींवर द्राक्षांचे वेल चढविलेले होते. दरवर्षी माशीमार नावाचे छोटे पक्षी त्या वेलांत घरटे करीत. एका वर्षी एका जोडीने चुकून उघड्या फांदीवर घरटे बांधले. जागा निवडली तेव्हा बहुधा ऊन नसावे. पिले अर्धवट वाढली असतील नसतील, तोच कडक उन्हाळा आला. भिंत तापू लागली आणि तिच्या झळा घरट्यावर येऊ लागल्या. पिले होरपळून मरणार, असेच पाहणाऱ्याला वाटावे. परंतु आईबापांनी उपाय शोधून काढला. भर उन्हाच्या वेळी ती पंख पसरून घरट्यावर तरंगत राहत, आणि स्वतः चोच उघडून धापा टाकीत पिलांवर सावली धरीत. हे पक्षी आकाराने चिमणीएवढेच. परंतु त्यांची माया व्हाइट यांनी स्वतःच्या भिंतीवर पाहिली आणि ती कायमची लिहून ठेवली.

टेकडीच्या चढणीवर गवताने शाकारलेली एक लहानशी झोपडी होती. उन्हाळ्यातील संध्याकाळी व्हाइट आणि त्यांचे शेजारी तेथे चहापानासाठी जमत. एकदा मंडळी अशीच बसली असता एक रातवा उडत आला आणि झोपडीच्या माथ्यावर बसून चरख्याच्या घरघरीसारखा आपला आवाज काढू लागला. कितीतरी मिनिटे तो आवाज थांबला नाही. आत बसलेल्या मंडळींना सर्वांत नवल वाटले ते याचे, की त्या एवढ्याशा जिवाच्या गळ्यातील कंपनाने अवघी झोपडी सूक्ष्मपणे थरथरत होती.

या रातव्याविषयी लोकांच्या मनात नाना गैरसमज होते. तो रात्री शेळ्यांचे दूध पितो, असे काही देशांत मानीत. सेलबोर्नच्या आसपासचे शेतकरी म्हणत, की तो वासरांना टोचतो आणि त्यामुळे त्यांना प्राणघातक रोग जडतो. व्हाइट यांनी या समजुतीचा शोध घेतला. वासरांच्या पाठीच्या कातड्याखाली एका प्रकारच्या माशीच्या अळ्या वाढतात आणि त्यांमुळे वासरे आजारी पडतात, हे त्यांना दिसून आले. रातवा बिचारा रात्री उडणाऱ्या किड्यांवर जगतो. तो ना गुराख्याचे नुकसान करतो, ना धनगराचे. अंधारात वावरणाऱ्या एका निरुपद्रवी पक्ष्यावरचा खोटा आळ त्यांनी असा दूर केला.

त्यांचे कानही डोळ्यांइतकेच तीक्ष्ण होते. इंग्लंडमध्ये हिरवट पिवळसर रंगाचे, बोटभर लांबीचे काही वटवटे पक्षी उन्हाळ्यात येतात. ते दिसावयास इतके सारखे, की लोक त्यांना एकाच जातीचे समजत. व्हाइट यांनी झाडांखाली उभे राहून त्यांची गाणी ऐकली आणि ती गाणी तीन प्रकारची असून कधीही एकमेकांत मिसळत नाहीत, हे ओळखले. नंतर पक्ष्यांची मापे व पिसे बारकाईने तपासून पाहिली. तेव्हा या तीन वेगवेगळ्या जाती आहेत, असे त्यांनी १७६८ साली निश्चितपणे मांडले. आजचे शास्त्रही तेच मानते.

अशाच एका वटवट्याचे घरटे त्यांच्या शेताच्या बांधावर होते. मादी अंडी उबवीत बसलेली त्यांना व त्यांच्या एका मित्राला दिसली. तिला त्रास होऊ नये म्हणून दोघेही जपून बाजूला झाले. तरीही ती काहीशी धास्तावलेली वाटली. काही दिवसांनी व्हाइट पुन्हा तेथे गेले, तर घरटे सापडेना. खूप शोधल्यावर हिरव्या शेवाळाचा एक मोठा झुबका त्यांनी सहज उचलला, आणि त्याखाली घरटे निघाले. परक्या नजरेपासून लपविण्यासाठी पक्ष्याने ते शेवाळ जणू निष्काळजीपणे फेकल्यासारखे वर टाकून ठेवले होते.

सारेच प्रसंग असे सुखाचे नव्हते. गावाजवळच्या रानात एक मोठा ओक वृक्ष होता. त्याच्या शेंड्यावर डोमकावळ्यांची जोडी वर्षानुवर्षे घरटे करीत आली होती. खोडाच्या मध्यावर मोठा फुगवटा असल्यामुळे गावातील धाडसी मुलांनाही तेथवर चढता येत नसे. पुढे ते रान तोडावयाचे ठरले. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे डोमकावळी अंड्यांवर बसण्याचा. खोडाला करवत लागली, भेगेत पाचरी ठोकल्या गेल्या, मोगरीच्या घावांनी रान दुमदुमले. झाड डोलू लागले, तरी मादी घरट्यावरून उठली नाही. अखेर वृक्ष कोसळला, ती घरट्यातून फेकली गेली आणि फांद्यांचे तडाखे बसून जमिनीवर मरून पडली. ही हकीगत व्हाइट यांनी मोजक्या शब्दांत नोंदविली आहे. तीत ते कोणाला दोष देत नाहीत. परंतु वाचणाऱ्याचे मन हेलावल्यावाचून राहत नाही.

तथापि व्हाइट यांचे सर्वांत लाडके पक्षी म्हणजे भिंगऱ्या आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पाकोळ्या. भिंगऱ्या गावातील धुराड्यांत घरटी करीत. पिले धुराड्याबाहेर आली, की प्रथम छपरावर व नंतर एखाद्या वाळक्या फांदीवर ओळीने बसत आणि आई त्यांना तेथे आणून भरवी. चारदोन दिवसांत ती उडू लागत. परंतु स्वतः किडे पकडण्याइतकी तरबेज झालेली नसत. अशा वेळी आई व पिलू एका ठराविक इशाऱ्यासरशी एकमेकांकडे झेपावत, हवेतच क्षणभर समोरासमोर येत आणि घास आईच्या चोचीतून पिलाच्या चोचीत जाई. भिंगरीच्याच कुळातील मार्टिन हा पक्षी घराच्या भिंतीला चिखलाचे घरटे लावतो. तो रोज सकाळीच बांधकाम करतो, सुमारे अर्धा इंच थर चढवितो आणि उरलेला दिवस तो वाळू देतो. घाई केली तर ओल्या मातीचे घरटे स्वतःच्याच भाराने ढासळेल. या पक्ष्यांविषयीचे त्यांचे लेख लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७७४ व १७७५ साली वाचण्यात आले.

पाकोळ्यांची तर त्यांनी शिरगणतीच केली. गावात दरवर्षी आठच जोड्या घरटी करीत. सुमारे निम्म्या चर्चमध्ये व बाकीच्या गरिबांच्या ठेंगण्या झोपड्यांच्या छपरांत. दरवर्षी पिले तर जन्मतात. मग संख्या वाढत का नाही? नवीन जोड्या जातात कोठे? हा प्रश्न त्यांना सतत पडे. पाकोळ्यांचे मीलनदेखील उडता उडता होते, असे त्यांनी लिहिले. पुढील काळातील निरीक्षकांनाही तसेच आढळून आले.

परंतु एका प्रश्नाने व्हाइट यांना आयुष्यभर हैराण केले. उन्हाळा संपताच या भिंगऱ्या नाहीशा होतात, त्या कोठे जातात? दूर उष्ण देशांत जातात, असे काही विद्वान म्हणत. काहींचे मत असे, की त्या बिळांत, कपारींत किंवा पाण्याखालीसुद्धा निद्रिस्त होऊन हिवाळा काढतात. लिनियससारखा थोर शास्त्रज्ञही दुसऱ्या मताचा होता. व्हाइट ज्या दोन विद्वानांना नियमाने पत्रे लिहीत, त्यांचेही याबाबत जमत नसे. टॉमस पेनंट हे प्राणिशास्त्रज्ञ स्थलांतर मानणारे, तर डेन्स बॅरिंग्टन हे कायदेपंडित त्याविषयी शंका घेणारे. दोघेही प्रतिष्ठित, दोघेही मित्र. कोणा एकाच्या मताला मान डोलावून मोकळे होणे सोपे होते. व्हाइट यांनी तसे केले नाही. आपल्या गावातील पुरावा काय सांगतो, तेवढेच ते पाहत राहिले.

पुरावा दोन्ही बाजूंचा होता. त्यांचे बंधू जॉन जिब्राल्टर येथे धर्मोपदेशक होते. भिंगऱ्यांचे प्रचंड थवे तेथील सामुद्रधुनी ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे त्यांनी कळविले होते. तेव्हा स्थलांतर होते, यात व्हाइट यांना संशय नव्हता. पण मग सेलबोर्नमध्ये नोव्हेंबरातही एखाद्या उबदार दिवशी मार्टिन पक्षी अचानक दिसत, ते कोठून येत? उशिरा जन्मलेली कोवळी पिले हजारो मैल कशी जाणार? काही थोडे पक्षी येथेच कोठे तरी दडून राहत असतील काय? या शंकेने त्यांची पाठ सोडली नाही.

शेवटी त्यांनी प्रत्यक्ष शोध घेण्याचे ठरविले. एका शरद ऋतूत टेकडीच्या उतारावरील झुडपांजवळ काही मार्टिन पक्षी फार उशिरापर्यंत घिरट्या घालताना दिसले होते. १७८१ च्या एप्रिल महिन्यात, पक्षी परतण्याच्या सुमारास, व्हाइट यांनी माणसे लावून तेथील झुडपे व खबदाडे तपासून घेतली. माणसांनी मनापासून मेहनत केली. परंतु झोपलेला एकही पक्षी हाती लागला नाही. इतक्यात एक विलक्षण गोष्ट घडली. माणसे टेकडीवर खणत असतानाच, त्या वर्षीचा पहिला मार्टिन पक्षी गावावरून उडत आला, सर्वांच्या देखत थेट एका घरट्यात शिरला, क्षणभर थांबला आणि घरांवरून उडून निघून गेला. जणू ज्याचा शोध चालला होता, तोच समोर येऊन गेला. पण कोठून आला, हे काही सांगून गेला नाही.

व्हाइट यांनी हा अपयशाचा दिवसही जसाच्या तसा नोंदविला. मनातील शंका त्यांनी लपविली नाही आणि हाती पुरावा नसताना ती सिद्ध झाल्याचे भासविलेही नाही. या एका प्रश्नात त्यांची शंका चुकीची होती, हे आज आपण जाणतो. परंतु चुकीची शंका बाळगणाऱ्या माणसानेसुद्धा नोंद मात्र खरीच करावी, हा धडा त्यांनी घालून दिला.

पेनंट व बॅरिंग्टन यांना लिहिलेली पत्रे एकत्र करून त्यांनी सेलबोर्नच्या निसर्गाविषयीचा ग्रंथ सिद्ध केला. लंडनमध्ये प्रकाशनाचा व्यवसाय करणारे त्यांचे बंधू बेंजामिन यांनी तो १७८८ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. तेव्हा गिल्बर्ट अडुसष्ट वर्षांचे होते. एका खेड्यातील पाखरांची हकीगत सांगणारे हे पुस्तक तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा छापले गेले आहे.

२६ जून १७९३ रोजी, आपल्या वेक्स या घरीच, गिल्बर्ट व्हाइट यांचे निधन झाले. मृत्यूच्या थोडे दिवस आधीपर्यंत त्यांची रोजनिशी चालू होती. चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावरील साध्या दगडावर त्यांच्या नावाची आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख एवढेच कोरलेले आहे.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी एकशे एकोणीस वर्षे लागली. १९११ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात एका भिंगरीच्या पायात धातूचे बारीक कडे घालून तिला सोडून देण्यात आले. १९१२ च्या डिसेंबरात तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतघरात पकडली गेली. पायातील कड्यावरून तिची ओळख पटली. इंग्लंडची भिंगरी सुमारे सहा हजार मैलांवर जाऊन हिवाळा घालविते, हे अशा रीतीने निःसंशय ठरले.

भिंगऱ्या आपल्याकडेही येतात. महाराष्ट्रात थंडीचे दिवस सुरू झाले, की उत्तरेकडील देशांतून येणाऱ्या माळभिंगऱ्या पाणथळ जागी व शेतांवर उडताना आणि विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या दिसतात. उन्हाळा लागला, की त्या निघून जातात. येणारी पहिली भिंगरी कोणत्या तारखेस दिसली आणि शेवटची कधी गेली, हे लिहून ठेवावयास एक वही, एक पेन्सिल आणि घराबाहेर टाकलेली चार पावले पुरतात. सेलबोर्नच्या त्या धर्मोपदेशकापाशीही याहून फारसे अधिक काही नव्हते.